समोर कोणी नाही

आयुष्यात मी लोकांच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या, त्या सगळ्या संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान. जयसिंगपुरात अठ्ठावीस वर्षं केबलचा धंदा केला मी. मालिका रंगात आली की नेमकं एखादं माकड तारेला लोंबकळणार, नाहीतर एखादा उसाचा ट्रॅक्टर लाइन तोडून जाणार. लगेच फोन: "काय मगदूम, झोपलाय काय? सासू कानाखाली मारणार तेवढ्यात चित्र गेलं की!" मी शिडी खांद्यावर टाकून पळायचो.

पण मजा होती. आमच्या गल्लीत नव्वद घरं, आणि नव्वद घरांत एकाच मिनिटाला एकच सून रडायची. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात, गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर त्याच सुनेची चर्चा. लाइट जाऊन कुणाचा भाग बुडाला, तर मी तो दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लोकल चॅनलवर परत लावायचो. खाली पट्टी फिरायची, साड्यांचा सेल, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. महिन्याला शंभर रुपये घ्यायचो आणि त्यातही माणसं घासाघीस करायची. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, शंभर रुपयांत मी या लोकांना केवढं काय देत होतो, त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आता मी त्र्याहत्तरचा. भूपाल मगदूम, राहणार सातवी गल्ली. बायको सुनंदा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी स्नेहल हैदराबादला असते, दर रविवारी तिचा निरोप येतो, त्यात फुलांचं चित्र असतं. आमचं जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. साडेसहाला ताट धुऊन पालथं घातलं की पुढची अख्खी संध्याकाळ माणसाच्या अंगावर येते. सुनंदा होती तोवर मला हे कधी जाणवलं नव्हतं.

त्या संध्याकाळला एकच खुंटी होती. साडेसातचा अक्काचा फोन.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण त्रिशला, निपाणीला असते. दाजींचा तंबाखूचा व्यापार होता, ते गेले, मुलगा अजित बेंगळुरात. घरात एकटीच. आम्ही दोघं सात वाजता आपापल्या घरी 'कुसुमचं कॅन्टीन' लावायचो. कोर्टाच्या आवारात कॅन्टीन चालवणारी कुसुम, तिचा परागंदा नवरा अरविंद आणि तिची खाष्ट सासू माई. भाग संपला की साडेसातला फोन वाजायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही, एकदम "बघितलंस का?" मग अर्धा तास आम्ही कुसुमच्या संसाराची चिरफाड करायचो. मध्येच ती विचारायची, गोळी घेतलीस का, गुडघा कसा हाय. पण ते मध्येच. मुख्य विषय कुसुम.

तर एका संध्याकाळी फोन आला.

"बघितलंस का? आला बघ अरविंद!"

"कुठनं आला? मेला की तो. माझ्यासमोर तिरडी बांधली."

"तुझ्या तोंडाला काय हाय का? दारात उभा हाय तिच्या, दाढी वाढवून."

"अक्का, तू डुलकी काढलीस."

"डुलकी तू काढली असशील! म्हातारा झालास!" आणि तिनं फोन आपटला.

केबलवाल्याला असलं काही चालत नाही. दोन घरांत दोन चित्रं म्हणजे लाइनीत घोळ. मी 'दर्पण' कंपनीला फोन लावला. या दर्पणनंच पाच-सहा वर्षांपूर्वी सगळे चॅनल गिळून घरोघरी एक-एक पेटी बसवली होती. तिकडून मीरा बोलली. मीरा म्हणजे बाई नव्हे, यंत्रच ते, पण आवाजात पाक ओतलेला.

"भूपालजी, आपल्या मालिकेत काहीही बिघाड नाही. गेल्या महिन्यापासून प्रत्येकाची मालिका त्याच्या मनाप्रमाणे घडते."

"अरविंद मरावा असं माझ्या मनात कधी होतं?"

"अरविंदचा विषय निघाला की आपली नजर खिडकीकडे जात होती. सलग एकोणीस वेळा."

खरं होतं ते. मला तो अरविंद पहिल्यापासून आवडत नव्हता.

मग मी तिला खोदून खोदून विचारलं, कारण धंद्याची खोड जात नाही. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. पूर्वी मालिका एकदाच घडायची. नट-नट्या यायच्या, चित्रण व्हायचं, तो एकच भाग उपग्रहावरून खाली यायचा आणि माझ्यासारखे लोक तो तारेनं घरोघरी वाटायचे. आता नट नाही, सेट नाही. यंत्र चित्र काढतं, तुम्ही बघत असताना, त्याच क्षणी. पेटीच्या कपाळावर मटाराएवढं भिंग आहे, ते तुमच्या बुबुळावर डोळा ठेवून असतं. बुबुळ कुठं थांबलं, पापणी कधी मिटली, श्वास कुठं अडकला, सगळं मोजतं. जिथं नजर रमली ते वाढवायचं, जिथं ढळली ते छाटायचं. समोरच्याची नजर हेच त्याचं खाद्य. म्हणून जितकी घरं तितक्या कुसुम.

"मग मला आणि माझ्या बहिणीला एकच कुसुम पाहिजे असेल तर?"

"त्यासाठी आमची 'सोबत' योजना आहे, भूपालजी." आणि तिनं आकडा सांगितला.

मी खुर्चीवरून उठलोच. "अगं बाई, एकच गोष्ट दोघांना दाखवायला जास्त पैसे? केबलला एक तार नव्वद घरांत जायची, म्हणून तर स्वस्त होती!"

"एकाला खिळवून ठेवणं सोपं असतं, भूपालजी. दोघांच्या नजरा वेगळ्या, ओढ वेगळी. दोघांनाही धरून ठेवेल असं एकच दृश्य शोधायचं तर यंत्राला हजारो दृश्यं काढून फेकून द्यावी लागतात. वीज कितीतरी पट लागते."

तिचं चुकत नव्हतं. लग्नाच्या पंगतीला एकाच पातेल्यातली आमटी पाचशे पानांना पुरते. पण प्रत्येकाला त्याच्या चवीची वेगळी वाटी द्यायची म्हटलं, तर आचारी हजार लागणार. आणि दोन रुसक्या व्याह्यांना एकाच वाटीतलं आवडलं पाहिजे म्हटलं, तर आचाऱ्याचं डोकंच फिरणार. त्याचे पैसे तो लावणारच. आमच्या पंगती मोडून त्यांनीच वाट्या केल्या, आणि आता परत पंगतीत बसायचं तर जादा दाम मागत होते. माझं टाळकं सटकलं, पण मी योजना घेतली. दोघांचेही पैसे मीच भरायचो. केबलच्या काळात बहिणीकडून कधी पैसे घेतले नव्हते, आता कसले घेणार?

दोन वर्षं बरी गेली. अरविंद जिवंत झाला, पण लंगडत आला. तो आमच्या दोघांच्या नजरेचा सौदा असणार. साडेसातचा फोन पुन्हा अर्धा तास चालायला लागला.

मात्र सोबतचे दर तीनदा वाढले. दर वेळी मीराचा गोड निरोप, "आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी." माझं उत्पन्न म्हणजे बाजारातल्या एका गाळ्याचं भाडं. तिसऱ्या वाढीनंतर औषधं तरी घ्यायची नाहीतर कुसुम तरी, अशी पाळी आली. स्नेहलला सांगितलं असतं तर तिनं भरले असते. पण मुलीकडं टीव्हीसाठी पैसे मागायचे? मी? ज्यानं अर्ध्या गावाला टीव्ही दाखवला त्यानं? जीभ रेटली नाही.

दसऱ्याच्या आसपास मी सोबत बंद केली. अक्काच्या पेटीवर एकट्याची साधी योजना चालू ठेवली आणि माझी पेटी सरळ बंद करून टाकली. म्हटलं, तिची संध्याकाळ तरी जाऊ दे. तिला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर तिनं स्वतःचीही बंद करायला लावली असती, तिचा स्वभाव मला माहीत आहे. आणि मग साडेसातला बोलायचं कशावर? दोन म्हाताऱ्यांनी रोज अर्धा तास नुसत्या गुडघ्यांवर बोलायचं? चार दिवसांत फोन दोन मिनिटांवर आला असता, महिन्यात रविवारवर, आणि मग फुलांच्या चित्रावर. याची मला खरोखर भीती वाटत होती. ती फुलं मला पुरेशी ठाऊक होती.

तेव्हापासून मी सात वाजता बंद टीव्हीसमोर बसायला लागलो. काळ्या काचेत माझाच बनियन दिसायचा. पूर्वी एखाद्या घरातली लाइन गेली की पाच मिनिटांत मला कळायचं, दहा मिनिटांत मी दारात असायचो. आता माझं चित्र जाऊन महिने झाले, पण शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाला पत्ता नव्हता. प्रत्येकजण आपापल्या भिंगासमोर. साडेसातपर्यंत मी घड्याळाकडं बघत बसायचो.

माझा बेत साधा होता. अक्काला आधी बोलू द्यायचं आणि आपण मान डोलवायची. पण पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आज तू सांग आधी."

"छे छे, तू सांग."

"तुझं ध्यान जास्त असतंय. तूच सांग."

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "आज कुसुम लई रडली." हे कुठल्याही दिवशी चालण्यासारखं होतं.

"व्हय की," अक्का म्हणाली. "आणि कुणी बघू नये म्हणून कांदा चिरायला घेतला."

मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, तिच्या कुसुमचं आपलं जुळतंय. मग मीही धिटाई करायला लागलो. मी अरविंदला खोट्या खटल्यात अडकवलं, अक्कानं त्याच्यासाठी वकील आणला. मी वकिलाला दारूडा केलं, अक्कानं त्याची दारू सोडवली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालिका वाटल्या, पण स्वतःच्या डोक्यातून अशी काही निघेल असं कधी वाटलं नव्हतं. दिवसभर भाजी निवडताना, आंघोळ करताना मी संध्याकाळचा भाग जुळवत बसायचो. अक्का कसं काय सगळ्याला व्हय म्हणते, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण यायचा आणि मी तो बाजूला सारायचो, कारण फोन चालू होता.

जानेवारीत अक्कानंच सांगितलं की माई गेल्या. सांगताना ती फोनवर रडली. "जाताना कुसुमचा हात धरला रे तिनं. आयुष्यभर छळलं आणि शेवटी हात धरला." मीही गलबललो. आमच्या आईची आठवण झाली दोघांना.

आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी माती खाल्ली. जोशात येऊन म्हणून गेलो, "आज माई स्वतः गल्ल्यावर बसल्या की! कुसुमला म्हणाल्या, तू जरा पड."

"व्हय की," अक्का म्हणाली. "काय रुबाबात बसल्या होत्या!"

फोन ठेवला आणि अंगावर काटा आला. माई तर मेल्या होत्या. अक्कानंच मारल्या होत्या, तीच रडली होती. आणि आज ती म्हणते, रुबाबात बसल्या होत्या.

आमची आई शेवटी अशीच झाली होती. कुणी काहीही म्हटलं तरी व्हय म्हणायची. बाबा जेवायला बसलेत म्हटलं तरी व्हय, आणि बाबा जाऊन तेव्हा दहा वर्षं झालेली. आधी गोष्टी विसरली, मग वारांची नावं, मग आम्हाला. अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं अक्कालाच विचारलं होतं, बाई, तुम्ही कोण?

त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्का मला विसरली तर या जगात मला भूपाल म्हणून हाक मारणारं कुणी उरत नव्हतं. बाकीच्यांना मी अंकल, काका, मगदूम, नाहीतर भूपालजी.

तिसऱ्या दिवशी तिला न कळवता निघालो. कळवलं असतं तर तिनं सावरून घेतलं असतं, मला ती आहे तशी बघायची होती. इचलकरंजीला गाडी बदलायची होती. तिथली बॅटरीची एसटी चार्जिंगला लागली ती लागलीच. दीड तास. निपाणीत उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. डबा पिशवीत तसाच राहिला, आता तो उघडता येणार नव्हता.

अक्काचं घर बसक्या कौलांचं, पुढं तीन पायऱ्या, शेजारी रस्त्याला लागून खिडकी. खिडकी उघडी होती. मी दाराशी न जाता आधी खिडकीतून डोकावलो.

अक्का पलंगावर बसली होती, टीव्हीकडं तोंड करून. धुतलेलं इरकली लुगडं नेसली होती, केस चापून बसवलेले, हात मांडीवर. जणू पाहुणे यायचेत. पेटीचा हिरवा दिवा चालू होता. पडद्यावर कुसुम नव्हती, कुणीच नव्हतं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती:

समोर कोणी नाही. प्रेक्षक आढळताच कार्यक्रम सुरू होईल.

मला वाटलं, पेटी बिघडलीय. अठ्ठावीस वर्षांची सवय, मी हात पुढं करून म्हणणारच होतो, अक्का, जरा सरक, बघतो मी. तेवढ्यात खिडकीचं दार माझ्या कोपरानं वाजलं. अक्कानं वळून माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडं. आमच्यात चार हातांचं अंतर, वर बल्ब चालू. आणि तिची नजर माझ्या अंगावरून अशी गेली की मी तिथं नव्हतोच. "मांजर हाय वाटतं," ती स्वतःशी म्हणाली आणि परत टीव्हीकडं वळली.

भिंगाला बुबुळ सापडत नव्हतं. सापडत असेल, पण ते कुठंच थांबत नव्हतं, कशावर रमत नव्हतं. ज्याची नजर लागत नाही तो यंत्राच्या हिशेबी माणूसच नाही. माझी बहीण रोज सात वाजता धुतलेलं लुगडं नेसून त्याच्यासमोर बसत होती आणि ते रोज अर्धा तास तिला सांगत होतं की समोर कोणी नाही. एवढंच बरं की तिला ते दिसत नव्हतं. त्या पेटीचे पैसे मी भरत होतो.

मला हुंदका आला. तो दाबत मी मागं सरकलो, तर आत अक्कानं उशीशेजारी चाचपून फोन उचलला. साडेसात वाजले होते. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. मी घाबरून चार पावलं लांब पळालो, या गुडघ्यांनी, आणि फोन कानाला लावला.

"बघितलंस का?" अक्का म्हणाली.

"बघितलं," मी म्हणालो.

"आज तू सांग आधी."

"आज... आज तू सांग."

"बरं. आज कुसुम कोर्टात उभी राहिली. हिरवी साडी नेसली होती. काय सुरेख दिसत होती रे! जज्जानं चष्मा काढून बघितलं..."

एका कानात फोन, दुसऱ्या कानाला खिडकीतून तोच आवाज. फोनातली अक्का ठसक्यात बोलत होती. खिडकीतली अक्का बोलताना लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत होती. विसरली नव्हती ती काहीच. हिरव्या साडीचा पदर, जज्जाचा चष्मा, पट्टेवाल्याची मिशी, सगळं जागच्या जागी. ती रचत होती, माझ्यासारखीच, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

तेवढ्यात रस्त्यानं सायकलवर पाववाला आला. त्यानं नेमका माझ्याजवळ भोंगा दाबला, पों पों.

अक्का थांबली. फोनात शांतता, खिडकीत शांतता.

"भूपाल."

"काय?"

"माझ्या दारातला पाववाला तुझ्या फोनात कसा रे वाजतोय?"

मी फोन कानावरून खाली घेतला.

"आत ये," ती म्हणाली. "पायरीला जपून. मधली फुटलीय."

आत गेलो आणि तिच्या पायाशी फरशीवरच बसलो. तिनं माझं डोकं चाचपलं, कान चाचपले, टक्कल चाचपलं. "किती वाळलास," म्हणाली.

"कधीपासनं दिसत नाही?"

"गणपतीपासनं कमी झालं. दिवाळीत गेलंच. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, आतला पडदाच वाळलाय, काय होत नाही आता."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगून? तू माझ्या टीव्हीचे एवढे पैसे भरतोस. मला दिसत नाही म्हटलं की बंद करणार. बंद केलंस की साडेसातला बोलायचं काय? मग नाही उचललास फोन तर?"

मला रडावं की हसावं कळेना. मी सगळं सांगितलं. दसरा, गाळ्याचं भाडं, बंद पेटी, काळी काच.

ती म्हणाली, "म्हणजे अरविंदला तुरुंगात घातलं कुणी?"

"मी."

"मेल्या! मला वाटलं कंपनीनं. आठ दिवस वकील शोधत होते मी त्याच्यासाठी."

"आणि तू माईंना मारलंस. मी परत गल्ल्यावर बसवलं, तर व्हय का म्हणालीस? मी काय घाबरलो माहितीय? म्हटलं, आईसारखी विसरायला लागलीस."

अक्काचा हात माझ्या डोक्यावर थांबला. "मला वाटलं, तू विसरलास," ती म्हणाली. "मेलेलं माणूस जिवंत करतोय म्हणजे आईचंच दुखणं. म्हणून व्हय म्हटलं. आईला नाही म्हटलं की ती घाबरायची, आठवतंय ना?" मग ती रडायला लागली, आणि मीही. समोर पेटी बजावत होती की समोर कोणी नाही. मी उठून तिची वायर भिंतीतून उपटली.

"जेवलास का?" डोळे पुसत अक्कानं विचारलं.

"गाडी अडकली. डबा तसाच हाय."

"अरे देवा. आणि दिवस तर मावळला." तिचा जीव कासावीस झाला. इतक्या वर्षांनी भाऊ दारात आला आणि उपाशी. पाण्याशिवाय काही देता येईना. रीत मोड असं तीही म्हणाली नाही आणि मीही मागितलं नाही. तेवढं एक राहू दे, असं दोघांनाही वाटलं असेल. पण पाणी पिताना तिचं दोनदा निघालं, "उपाशी ठेवलं रे तुला."

दोन दिवस राहिलो. म्हटलं, चल जयसिंगपूरला. ती म्हणाली, "तिथं आले तर मी आंधळी होईन. इथं नुसतं दिसत नाही." मी म्हटलं, मग मी येतो इथं. म्हणाली, "चौथ्या दिवशी भांडून जाशील. सुनंदानं कसं काढलं तुझ्याबरोबर, तिचं तिला ठाऊक." खरं म्हणजे दोघांनाही आपापल्या भिंती सुटत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तिनं डबा बांधून दिला, चाचपत, एक थेंब न सांडता. मी परत आलो.

आल्यावर पहिलं काम मीराला फोन.

"आपण आम्हाला का सोडून जात आहात, भूपालजी? कृपया कारण सांगा."

"समोर कोणी नाही," मी म्हणालो आणि ठेवला.

साडेसहाला जेवलो. ताट धुतलं, पालथं घातलं. सात वाजले. दिवसभर मी एकही भाग जुळवला नव्हता, जुळतच नव्हता. खोटं आहे हे एकट्याला माहीत होतं तेव्हा डोकं कसं धावायचं! आता दोघांनाही माहीत झालं, आता कुणाला फसवायचं आणि कशासाठी? साडेसात वाजले. फोन वाजला नाही. सात पस्तीस. मला कळलं, तीही तिकडं हेच करतेय, हातात फोन धरून बसलीय आणि काय बोलावं सुचत नाहीय. हीच ती भीती, जिच्यापायी दोघं इतके महिने खोटं बोललो. ती आता माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली होती. सात चाळीसला मीच फोन लावला.

"हं," अक्का म्हणाली.

"जेवलीस?"

"मघाशीच. तू?"

"व्हय."

"गोळी?"

"घेतली."

मग काही नाही. तिच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. मी ठेवतो म्हणणारच होतो. शब्द ओठावर आला होता.

"आज कुसुमनं कॅन्टीन लवकर बंद केलं," अक्का म्हणाली.

"का?"

"भाऊ आलाय तिचा. गावाकडनं."

कुसुमला भाऊ नव्हता. इतक्या वर्षांत कुणी तिच्या भावाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी खुर्ची भिंतीकडून ओढून घेतली आणि नीट बसलो.

"दिवस मावळायच्या आत पोचला का?" मी विचारलं.

"पोचला की," अक्का म्हणाली. "जेवायला बसलाय. कुसुम वाढतीय त्याला."